डावी भुवई

मी थापा मारतो हे धोंडगावात सगळ्यांना माहीत आहे. मगरीच्या पाठीवर बसून गोदावरी ओलांडल्याची माझी हकीकत इथल्या तीन पिढ्यांनी ऐकली आहे, आणि दर पिढीला मगर हातभर वाढत गेली आहे. त्यामुळे २०४३ च्या उन्हाळ्यात मी एकदा खरं बोललो तेव्हा समोरचं माणूस हसलं, यात त्या माणसाची काही चूक नव्हती.

मी सदानंद घरत, मूळचा पेणचा. आमचा गणपतीचा कारखाना होता. वडील गेल्यावर तो चार भावांना पुरेना, म्हणून मी बत्तिसाव्या वर्षी इकडे गोदाकाठी 'आदिमानव अवशेष संग्रहालया'त नोकरीला लागलो. हे नाव फक्त पाटीवर. गाव म्हणतं कवटीघर. काम तेच, साच्यात ओतायचं आणि साच्यातून काढायचं. सोंडेच्या जागी दात आले, एवढंच. माझी आई शेवटपर्यंत पेणमध्ये सांगत होती, की आमचा सदू आता फार जुन्या देवांच्या मूर्ती करतो.

लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाची खरी कवटी ज्या देशात सापडते त्या देशाच्या तिजोरीत राहते. बाहेर पडतो तो रबराचा साचा. साचा आला की त्यात प्लास्टर ओतून मी कवटी काढायचो, घासायचो, हाडाचा रंग द्यायचो. अशा बासष्ट कवट्या केल्या. त्यांच्या जादा प्रती देशातल्या चौदा विद्यापीठांत गेल्या. पुढे पूर्वज हा ज्याच्या त्याच्या मानापमानाचा विषय झाला. देशांनी साचे देणं बंद केलं, संगणकातली मापंसुद्धा कुलपात घातली. मग आमच्याकडे अभ्यासाला उरल्या त्या माझ्या हातच्या बासष्ट, आणि एक आमची स्वतःची, धोंडगावची.

ही धोंडगावची कवटी डॉक्टर यामिनी खांडेपारकर यांनी तीन वर्षांपूर्वी नदीच्या गोट्यांतून काढली. वय अंदाजे तीन लाख वर्षं. यामिनी इथे तेविसाव्या वर्षी शिकायला आली आणि पन्नाशीला आली तरी गेली नाही. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणतो, एकटी असली की बाय म्हणतो. ती मला सदूदादा म्हणते आणि दर रक्षाबंधनाला राखी बांधते. कवटीचा डाव्या भुवईचा तुकडा सापडला नव्हता. मूळ तुकडे राजधानीच्या सरकारी तिजोरीत जाण्याआधी मी त्यांची प्रतिकृती केली आणि उजव्या भुवईवरून बेतून डावी भुवई भरून दिली. अशी भरताड या धंद्यात सगळे करतात. मी केली तेव्हा यामिनी म्हणाली होती, "दादा, हा माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटतं हो." मला बरं वाटलं होतं. ते वाक्य लक्षात ठेवा.

त्या उन्हाळ्यात कवटीघरात 'पारखी' नावाचं यंत्र आलं.

पूर्वी कवट्या ताडून बघायचं काम डोळ्यांचं आणि कंपासाचं होतं. कपाळ मागे किती उतरतं, भुवईच्या हाडाचा कंगोरा किती पुढे येतो, हनुवटी आहे की नाही, मेंदूतून मणक्यात उतरणारी दोरी ज्या छिद्रातून जाते ते कवटीच्या तळाशी बरोबर मधे आहे की मागे सरकलेलं. मधे असलं तर धनी दोन पायांवर ताठ चालत होता. मेंदू केवढा होता ते बघायला कवटीत मोहरी भरायची आणि मापट्याने मोजायची. आमच्याकडची ती मोहरी मग माझी बायको हौसा फोडणीला वापरायची. चार लाख वर्षांच्या डोक्यातून आलेल्या मोहरीची आमटी मी खाल्ली आहे; ही थाप नव्हे.

पारखीला कंपास लागत नाही. तो कवटीवर उजेड फिरवतो आणि सहा हजार ठिकाणं टिपतो. माणसाचा डोळा 'भुवई मोठी' म्हणून थांबतो. पारखी त्या भुवईच्या दोनशे ठिकाणांची उंची केसाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो. मग प्रत्येक कवटी प्रत्येक कवटीशी ताडतो आणि विचारतो, कोणत्या दोघींत असं साम्य आहे जे नुसत्या योगायोगाने येणार नाही? अशी साम्यं जुळवत तो वंशाचं झाड काढतो. माणसाने आधी काय मानलं होतं याची त्याला फिकीर नाही. त्याची ताकद तीच, आणि खोड तीच. समोर ठेवलेली वस्तू खरी आहे हे तो धरूनच चालतो.

यंत्राबरोबर पुण्याहून सोहनी नावाचा इंजिनियर आला. चाळिशीचा, सतत शीळ घालणारा, डबा एकट्याने खाणारा. डबा एकट्याने खाणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो.

एप्रिलच्या एका सकाळी यामिनी माझ्या खोलीत धावत आली. "सदूदादा, हात धुवा आणि चला. आत्ताच्या आत्ता."

पडद्यावर दहा कवट्या लाल झाल्या होत्या. नऊ जगभरातल्या, आफ्रिकेपासून जावापर्यंतच्या, काही वीस लाख वर्षांच्या, काही दोन लाखांच्या. दहावी आमची. दहाही जणांची डावी भुवई उजवीपेक्षा केसभर खाली.

"योगायोगाने असं होण्याची शक्यता कोटीत एक," सोहनी शीळ थांबवून म्हणाला.

"म्हणजे काय, कळलं का दादा?" यामिनी पडद्याला बोट लावून म्हणाली. "सगळ्या जगात पसरलेली एक शाखा, आपल्याला आजवर दिसलीच नाही. आणि तिचं टोक इथे आहे. आपल्या नदीत!"

मी म्हणालो, "अभिनंदन, मॅडम." पण मान आपोआप सोहनीकडे वळली. तो पुन्हा शीळ घालायला लागला होता.

शोधाची छाननी व्हायला सहा महिने होते. बातमीला छाननी लागत नाही. आठवड्यात त्या शाखेचं 'डावभुवये' असं नाव पडलं, आणि पंधरवड्यात फोनमध्ये एक सोय आली. चेहरा समोर धरायचा, फोन भुवया मोजतो आणि सांगतो, तुमच्यात डावभुवयांचं रक्त आहे की नाही. यामिनीने ओरडून सांगितलं की जिवंत माणसाच्या भुवया झोपेच्या कुशीनेसुद्धा खालीवर होतात. कोण ऐकतो?

हौसाने फोन धरला. टिंग वाजलं. हौसा डावभुवयी निघाली. मग माझ्यासमोर धरला. काही वाजलं नाही.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून वाटतंय."

"काय वाटतंय?"

"आमचं घराणं जुनं. वीस लाख वर्षांचं. तुमचं काय ते तपासून बघा एकदा."

त्या दिवसापासून माझ्या ताटातली भाकरी जरा लांबून यायला लागली. घरात हसण्यावारी होतं, गावात नव्हतं. डावभुवयांचं मंडळ निघालं. त्यांच्या वेगळ्या सहली, वेगळे वाढदिवस. बाजारात भाजी घेताना माणूस आधी भाव विचारायच्या ऐवजी बाईच्या कपाळाकडे बघायला लागला. बायका डावी भुवई काजळाने खाली ओढायला लागल्या, आणि खरी कोण, काढलेली कोण, यावरून हळदीकुंकवात भांडणं झाली. आम्हा सरळ भुवईवाल्यांकडे लोक जरा कणवेने बघत. मला कणव आवडत नाही. संशय चालतो.

म्हणून मी सोहनीचा संशय घेतला. माझा हिशेब साधा होता. यंत्र विकायचं तर यंत्राने मोठं काहीतरी शोधायला हवं; शोध लागत नसेल तर लावायला हवा. मी रोज त्याला चहा नेऊन देऊ लागलो आणि पेल्याआडून पडद्याकडे बघू लागलो. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "काका, सरळ विचारा ना. काय बघायचंय?"

"त्या नऊ कवट्यांची यादी."

त्याने हसत छापून दिली. "घ्या. आणि साखर जरा कमी टाका."

लपवणारा माणूस यादी अशी देत नाही. मी थोडा निराश होऊनच साच्यांच्या खोलीत आलो. तिथे मांडणीवर बासष्ट रबरी साचे नंबराने ठेवलेले. यादीतला पहिला साचा काढला, उलटा केला. दुसरा काढला. पाचव्यानंतर मी यादी पुन्हा पहिल्यापासून लावून बघितली.

साचा दोन अर्ध्यांचा असतो. दोन अर्धे जुळतात तिथे प्लास्टरची एक बारीक कड उठते, तिला आम्ही जोड म्हणतो, आणि ती पॉलिशपेपरने घासून काढावी लागते. बहुतेक साच्यांत जोड कानामागून जातो. नऊ साच्यांत मात्र तो डाव्या भुवईवरून गेला होता. तेच नऊ. म्हणजे बासष्टांपैकी बरोबर त्या नऊ कवट्यांच्या डाव्या भुवईवर माझा हात फिरला होता. दहाव्या कवटीची डावी भुवई तर सगळीच माझी.

आमच्या कारखान्यात वडिलांची एक शिस्त होती. मूर्ती पुरी झाली की शेवटी डाव्या भुवईला पॉलिशपेपरचा एक हात जास्त. ते म्हणायचे, "दोन्ही भुवया सारख्या ठेवल्यास तर देव भिंतीकडे बघतो. डावी केसभर उतरव, मग तो समोरच्या माणसाकडे बघतो." सहाव्या वर्षापासून मी हे केलं. केलं म्हणजे ठरवून नव्हे. जेवल्यावर हात धुतो तसं; पॉलिशपेपर डाव्या भुवईला लागला की हात आपोआप ती उतरवायचा. चाळीस वर्षं मी आदिमानवांना गणपतीची नजर देत होतो, आणि मला पत्ता नव्हता.

ज्या चोरावर मी पाळत ठेवली होती, तो माझाच अंगठा निघाला.

मी साचे जागेवर ठेवले आणि गप्प बसलो. सोळा दिवस. का, तर पहिली गोष्ट भीती. चौदा विद्यापीठांत माझ्या कवट्या. दुसरी गोष्ट यामिनी. सत्तावीस वर्षं ती चाळण्या हलवत उन्हात बसली होती. तिच्याबरोबरचे सगळे परदेशात मोठे झाले. आता पहिल्यांदा लोक तिला बोलावत होते, तिचं बोलणं उभे राहून ऐकत होते. नवं दालन बांधायचं ठरलं होतं, दारावर तिच्या शाखेचं नाव येणार होतं. ती मला म्हणाली, "दादा, उद्घाटनाला फीत तुम्ही कापायची. तुमच्या हातांमुळे झालं हे."

ऐका आता. तुमच्या हातांमुळे.

सतराव्या दिवशी कवटीघराचा वॉचमन तुळशीराम गायके माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसला. एरवी तो बसला की मगरीची गोष्ट मागतो. त्या दिवशी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सदुभाऊ, लेकीचं मोडायलं बघा."

"कोणाचं? शालनचं? साखरपुडा झालाय ना?"

"झालाय. पन ते लोक डावभुवये निघाले. पोराचा बाप म्हनतो, तुमच्या सगळ्या घरानं फोनात तोंड दाखवा. आमच्यात एकाचंबी वाजंना. म्हनतो, थोडं थांबू. थांबू म्हंजे काय ते कळतं की मला." मग खाली मान घालून म्हणाला, "मॅडमला इचारा ना. माझ्या कपाळात काही खोट हाय का? ह्याच इमारतीची राखन केली मी बावीस वर्षं."

त्याच्या कपाळात काही खोट नव्हती. त्याचं कपाळ चांगलं रुंद, दोन्ही भुवया काट्याला काटा लावल्यासारख्या सारख्या. मी उठलो आणि तडक यामिनीच्या खोलीत गेलो. ती भाषण लिहीत होती.

"बाय, डावभुवये कधी नव्हतेच. तो माझा पॉलिशपेपर आहे."

मी सगळं सांगितलं. जोड, साचे, वडील, गणपती. तिने लेखणी खाली ठेवली, डोळे मोठे केले, आणि मग जी हसायला लागली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"सदूदादा! मगर मागे पडली हो! उद्घाटनाला हीच सांगा, लोक वेडे होतील."

"मी खरं बोलतोय."

"मगरीच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

माझ्यापुढे एकच वाट होती. शब्दाने पटत नव्हतं, मग हाताने पटवायचं. मी तिला, सोहनीला आणि तुळशीरामला दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत बोलावलं. तुळशीरामच्या नाकात नळ्या घातल्या, तोंडाला तेल चोपडलं आणि जिवंत माणसाचा साचा घेतात तसा त्याच्या कपाळाचा नि चेहऱ्याचा साचा घेतला. त्यातून दोन मुखवटे ओतले. पहिला काढला तसाच ठेवला. दुसरा घासायला घेतला आणि सोहनीला म्हणालो, "माझ्याशी गप्पा मारत राहा. मला हाताकडे लक्ष द्यायचं नाही."

सोहनीने शालनच्या सोयरिकीची चौकशी काढली. तुळशीराम तोंड पुसत पोराच्या बापाला शिव्या द्यायला लागला. मी हसत होतो, मधेच भर घालत होतो आणि हात आपलं काम करत होते. दहा मिनिटांनी मुखवटा खाली ठेवला.

पारखीने दोन्ही मोजले. पहिला सरळ. दुसरा लाल झाला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली की या नमुन्याचं जवळचं नातं धोंडगावच्या कवटीशी आहे.

तुळशीराम पडद्याकडे बघून म्हणाला, "आरं, वाजलं की माझं!"

यामिनी बराच वेळ त्या मुखवट्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघत होता. डावी भुवई उतरवलेली वस्तू समोरच्या माणसाकडे बघतेच.

"किती दिवसांपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"अठरा दिवस."

"अठरा दिवस मी गावोगाव भाषणं देत होते." मग आवाज बदलला. "आणि त्याआधी खरंच माहीत नव्हतं? चाळीस वर्षं? कोणाच्या सांगण्यावरून केलंत का हे? की गंमत म्हणून? तुम्हाला गमती आवडतात."

"बाय, मी..."

"घरत," ती म्हणाली, "साच्यांच्या खोलीची किल्ली ठेवून जा."

सत्तावीस वर्षांत तिने मला आडनावाने हाक मारली नव्हती. मी किल्ली ठेवली.

तिने मात्र एक दिवसही दवडला नाही. त्याच संध्याकाळी स्वतःच्या नावाने जाहीर केलं, शोध मागे घेते, चूक आमच्या प्रतिकृतींत होती. नऊ देशांना पत्रं पाठवली. पाच महिन्यांत एकेक उत्तर आलं: मूळ कवटीच्या भुवया सरळ आहेत. फोनमधली सोय कोणीतरी काढून टाकली. डावभुवयांच्या मंडळाला मात्र ते पटलं नाही. त्यांच्या मते सरळ भुवईवाल्यांनी बाईला दमात घेतलं होतं. शालनच्या होणाऱ्या सासऱ्याने लग्नाची तारीख घेऊन माणूस धाडला. शालनने त्याला चहा दिला आणि सांगितलं, "मामांना म्हनावं, थोडं थांबू." अजून थांबली आहे. मजेत आहे.

हौसा माझ्याजवळ बसून जेवायला लागली, पण अधूनमधून म्हणायची, "माझी तरी तुम्ही घासलेली नव्हती ना?"

त्या वर्षी राखी आली नाही.

डिसेंबरात नदी उतरली आणि यामिनीची खोदाई सुरू झाली. नवं दालन गेलं, माणसं निम्मी झाली, तरी ती चाळणी घेऊन बसली. मी घरी होतो. जानेवारीच्या सतरा तारखेला, दुपारचं जेवून मी ओसरीवर आडवा झालो होतो, तर गाडी थांबली. यामिनी उतरली. सोबत सोहनी. तिच्या हातात कापसाची डबी.

ती बसली नाही. "गेल्या आठ महिन्यांत नदीवर कधी गेला होतात?"

"म्हशी धुवायला माझ्याकडे म्हशी नाहीत. कशाला जाऊ?"

"सरळ उत्तर द्या."

"नाही गेलो."

तिने डबी उघडली. आत तपकिरी हाडाचा तुकडा, बोटाएवढा. डाव्या भुवईचा कंगोरा. मला सांगायला लागलं नाही. इतक्या भुवया हाताखालून गेल्यात. तिने पिशवीतून धोंडगावच्या कवटीची माझीच प्रतिकृती काढली. मी भरलेली भुवई तिने कापून टाकली होती. रिकाम्या जागी तिने तुकडा धरला, आणि तो कुलपात किल्ली जावी तसा बसला. चाळणीत तो तिला स्वतःला सापडला होता, कवटीच्या जागेपासून अकरा फुटांवर.

"पारखीने मोजला," सोहनी म्हणाला. आज तो शीळ घालत नव्हता. "उजवीपेक्षा केसभर खाली आहे, काका. आणि हे बघा." त्याने भिंग दिलं.

कंगोऱ्यावर बारीक समांतर रेघा होत्या. एकाच दिशेच्या, एकाच दाबाच्या. नदीच्या घसटीने रेघा वाटेल तशा पडतात. अशा रेघा पडतात त्या हाताने. मेलेल्या माणसाचं हाड कोणीतरी हातात धरून खरबरीत दगडाने सावकाश घासलं होतं. फक्त डाव्या भुवईवर.

यामिनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कवटीघरात निरुपयोगी हाडांची पोती पडलीत," ती म्हणाली. "तुटलेल्या कडेचा नेमका साचा एकाच माणसाकडे होता. घासायची ही पद्धत एकाच माणसाची. माझी गेलेली गोष्ट परत मिळावी म्हणून तो माणूस काहीही करेल, हेही मला माहीत आहे. मला सांगा, मी काय समजू?"

खरं सांगायचं तर क्षणभर मला माझाच संशय आला. जो हात चाळीस वर्षं मला न विचारता काम करत होता, त्याचा काय भरवसा? पण मी तुकडा उन्हात तिरका धरला, आणि रेघांच्या वर काहीतरी चमकलं.

"बाय, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," मी म्हणालो. "थापाड्यावर ठेवायचाच नसतो. ही वरची पांढरी साय बघ. चुना आहे. रेघांच्या खाली आहे की रेघांच्या वर?"

तिने भिंग ओढून घेतलं. पाण्यातला चुना हाडावर थरांनी साचतो, त्याला हजारो वर्षं लागतात. त्या थरात मूठभर युरेनियम अडकलेलं असतं, मूठभर म्हणजे अणूंची मूठ, आणि त्याचं ठरल्या चालीने थोरियम होत जातं. किती झालं ते मोजलं की थराचं वय कळतं. हाड जुनं असलं म्हणून रेघा जुन्या ठरत नाहीत. पण चुना रेघांवर चढलेला असेल, तर रेघा चुन्याच्या आधीच्या. तिथे माझा पॉलिशपेपर पोचत नाही.

"माझ्या ओळखीच्या प्रयोगशाळेत देऊ नकोस," मी म्हणालो. "दोन ठिकाणी दे. एकीला दुसरीचं नाव कळू देऊ नकोस. मलाही सांगू नकोस."

ती गेली. एकावन्न दिवस गेले. हौसा म्हणाली, तुम्ही हल्ली मगरीची गोष्टसुद्धा नीट सांगत नाही.

मार्चमध्ये यामिनी आली ती एकटी, चालत. ओसरीवर बसली. हौसाने पाणी दिलं ते सगळं प्यायली.

"दोन्हीकडून आलं," ती म्हणाली. "चुना रेघांवर आहे. दोन लाख सत्तर हजार वर्षं. एकीकडे चार हजार कमी, दुसरीकडे सहा हजार जास्त." पेला खाली ठेवून म्हणाली, "कोणी विश्वास ठेवणार नाही, दादा. गेल्या वर्षी डावी भुवई म्हणून ओरडले, मागे घेतली, आता परत डावी भुवई. आणि शेजारी तुम्ही."

"मग?"

"मग काय? आकडे पाठवीन, तुकडा पाठवीन, तुमचं नाव, तुमची चूक, तुळशीरामचा मुखवटा, सगळं पाठवीन. ज्याला संशय घ्यायचा त्याने पुन्हा मोजावं. मीही तीनदा मोजलं." तिने पदराच्या टोकाला बांधलेली किल्ली सोडली आणि माझ्यासमोर ठेवली. "तुकडा परवा राजधानीला जाणार. त्याआधी प्रतिकृती हवी. यावेळी डाव्या भुवईला हात लावायचा नाही."

"लावला तर?"

"म्हणून मी समोर बसणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरोखरच स्टूल घेऊन समोर बसली, माझ्या दोन्ही हातांवर डोळे ठेवून. तुळशीराम दारात उभा. मी साचा घेतला, प्लास्टर ओतलं, चहा झाला, साचा उघडला. जोड यावेळी मुद्दाम मागून नेला होता. भुवई स्वच्छ निघाली. मी ती डाव्या तळहातावर घेतली, आणि उजवा हात, मी न सांगताच, पॉलिशपेपरकडे गेला.

"दादा!" यामिनी म्हणाली.

"थांब, बाय."

मी कागद न घेता नुसता अंगठा भुवईवरून फिरवला. मधून सुरू करून बाहेर, शेवटी किंचित दाब, आणि उचलायचा. वडिलांनी माझा हात धरून शिकवलेली तीच चाल. रेघा अंगठ्याखाली बरोबर त्या वाटेने गेल्या होत्या. कपाळ बसकं, हनुवटी नाही, भाषा होती की नव्हती कोणास ठाऊक; पण आपलं माणूस गेल्यावर त्याने आपल्याकडे बघत राहावं, असं कोणाला तरी वाटलं होतं.

मी पॉलिशपेपर खणात ठेवून दिला. त्या भुवईचं काम माझ्याआधीच कोणीतरी पुरं केलं होतं.